पाणी परतल्यानंतरचे पान

म्हैसूर जिल्ह्यातील तलकाड हे गाव कावेरीच्या काठी वसलेले आहे. गंग राजांची ही जुनी राजधानी आज तिच्या देवळांइतकीच त्या देवळांवर चढलेल्या वाळूमुळे ओळखली जाते. शेजारून नदी वाहत असता काठावर वाळूच्या टेकड्या कशा उभ्या राहिल्या, याचा उलगडा लोकांनी अलमेलम्मा राणीच्या शापाने केला. काही अभ्यासक मात्र विजयनगरच्या काळात नदीवर बांधलेल्या माधवमंत्री बंधाऱ्याकडे बोट दाखवतात. बंधाऱ्यामुळे पात्राचा काही भाग उघडा पडला आणि तेथील वाळू वाऱ्याबरोबर गावावर आली, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच बंधाऱ्याच्या पाटावर या भागातील भातशेती पोसली जाते. वनस्पतीची तहान कशी वाढते व कशी भागते, याचा विचार करण्यास अशी वाळू आणि असा पाट ही चांगली उदाहरणे होत.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शंभरातील नव्वदांहून अधिक भाग पानांवाटे वाफ होऊन निघून जातो. ही उधळपट्टी वाटते. पण तिला इलाज नाही. ज्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो. माती सुकू लागली की वनस्पतीत अॅब्सिसिक अम्ल वाढते, रंध्रांच्या रक्षक पेशी सैल पडतात आणि दारे मिटतात. पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती मंदावते. सूर्य मात्र थांबत नाही. हरितद्रव्याने ग्रहण केलेला प्रकाश कामी लागेनासा झाला, म्हणजे त्यातील बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याची सोय पानात असते. ती अपुरी पडली, तर ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊन प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेलाच इजा होते. अवर्षणाची पहिली अवस्था मिटलेल्या दारांची आणि दुसरी मोडलेल्या यंत्राची, असे स्थूलमानाने म्हणता येईल. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

अवर्षण किती वेगाने येते हे जमिनीवर अवलंबून असते. वाळूत पाणी कणांना सैल धरलेले असते. ते मुळांना सहज मिळते आणि तितक्याच झटकन संपते. सोलापूरकडील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलाव्यावर आठवडेच्या आठवडे तग धरते. तिथे तहान हळूहळू वाढते, त्यामुळे पेशींना शर्करा व क्षार साठवून पाणी धरून ठेवण्यास अवधी मिळतो. वाळवट शेतातील रोपाला हा अवधी मिळत नाही. परदेशातील ब्लूबेरीच्या झुडपाची स्थिती याहून नाजूक असते: त्याची मुळे उथळ असून त्यांवर मूलरोमच नसतात. म्हणून वरचा थर वाळताच ते झुडूप अडचणीत येते.

पाटाला पुन्हा पाणी आले की काय होते? मलूल पान बहुधा रात्रीतून ताठ होते, आणि येथेच पाहणाऱ्याची फसगत होते. ताठ झालेले पान काम करू लागले असे नव्हे. अॅब्सिसिक अम्लाचा प्रभाव पाण्याबरोबर लगेच ओसरत नाही, त्यामुळे रंध्रे काही काळ अर्धवट मिटलेली राहतात. तीव्र ताणात जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या तुंबलेल्या असतात. त्या पुन्हा भरेपर्यंत किंवा नवे काष्ठ तयार होईपर्यंत पानाकडे जाणारा प्रवाह क्षीण राहतो. अवर्षण सौम्य असेल, म्हणजे नुसती दारेच मिटली असतील, तर एक-दोन दिवसांत प्रकाशसंश्लेषण पूर्ववत होते. यंत्रणा बिघडली असेल, तर विकरे व प्रथिने नव्याने घडवावी लागतात. पहिल्या दिवशी जेमतेम निम्मी गती येते, आणि कधी कधी मूळची गती त्या पानाला पुन्हा लाभतच नाही. समजा, पाट दहा दिवस बंद राहिला आणि त्यांपैकी शेवटचे चार दिवस पान निकामी होते. पिकाचा तोटा चार दिवसांचा धरला, तर पाणी आल्यानंतरचे दुरुस्तीचे दिवस हिशेबातून निसटतात. पाटाच्या टोकाकडील शेतकऱ्याला पाणी उशिरा मिळते, म्हणून हे निसटणारे दिवस त्याच्याच वाट्याला अधिक येतात. २०२३ साली पावसाने दगा दिला आणि कर्नाटकातील बहुसंख्य तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, तेव्हा कावेरीच्या खोऱ्यात पाण्याच्या प्रत्येक पाळीला किती मोल आले असेल, हे यावरून ध्यानात येईल.

सर्वच पिके सारखी सोसत नाहीत. कोरडवाहू शेतातील नाचणी कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतील पेशींत साठवून वापरते, त्यामुळे रंध्रे थोडी उघडी असली तरी तिचे काम चालते. वाढीच्या काळात ताण आला तर ती थबकते, आणि पाऊस येताच नवे फुटवे व नवी पाने काढून जुन्या पानांचे नुकसान बरेचसे भरून काढते. भाताला अशी सोय नाही. त्यातही फुलोऱ्याच्या सुमारास ताण पडला तर दाणे पोकळ राहतात. ज्या फुटव्यावर लोंबी आली, त्यावर ध्वजपर्णानंतर दुसरे पान येत नाही. दाणा भरण्याचा मोठा भार त्याच पानावर असतो, मग ते पुरते सावरलेले असो वा नसो.