शेजारचे दोन एल्डर

थंडीचे महिने मी मुलाकडे यूटामध्ये काढते. शेजारच्या फ्लॅटमध्ये मॉर्मन चर्चचे दोन मिशनरी राहतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि तिच्यावर आडनावाआधी ‘एल्डर’. एल्डर म्हणजे वडीलधारे, आणि वय बघावं तर एकोणीस-वीस! यांचा पहिला प्रचारक १८३० साली बाहेर पडला, संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा धाकटा भाऊ सॅम्युअल. आता मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली अठरा महिन्यांसाठी. या शेजारानं मला जे शिकवलं ते असं.

१. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं.
आपली सवय ‘बघू, या पुढच्या आठवड्यात’ अशी. ही मुलं ते फोनमध्ये टिपून घेतात आणि पुढच्या आठवड्यात खरंच येतात. मी पहिल्याच भेटीत सांगितलं, बाळांनो, माझा देव माझ्यापाशी आहे, तो बदलायचा नाही. दोघांचे चेहरे उलट सैल झाले. मग म्हणाले, बर्फ उपसून देऊ का? आठवड्यातले काही तास लोकांच्या अशा कामासाठी राखलेलेच असतात. त्या फावड्यापासून आमची ओळख वाढली.

२. पहाटेपेक्षा सोबत अवघड.
साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, मग आधी एकट्यानं आणि नंतर जोडीनं धर्मग्रंथाचा अभ्यास. रात्री साडेदहाला दिवे बंद. एवढं कुठल्याही वसतिगृहात चालतं. खरी कसोटी पुढे आहे. जोडीदार वरून नेमून दिलेला असतो आणि एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही. न्हाणीघर तेवढं सोडून. आमच्या शेजारच्या दोघांतला एक आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, घुम्या. दुसरा टोंगा बेटांवरचा, भांडी घासतानाही मोठ्यानं गाणारा. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांबद्दलच्या तक्रारी सांगायच्या, असा त्यांचा रिवाज आहे. कितीतरी संसारांत हे चाळीस वर्षांत एकदाही घडत नाही. दारं वाजवणं, रस्त्यात लोकांशी बोलणं, फेसबुकवरून निरोप धाडणं हे सगळं चालूच असतं, पण त्यातून दुसऱ्या कुणाचा धर्म क्वचितच बदलतो. सगळ्यात जास्त बदलतात ती ही दोघं. चर्चलाही ते ठाऊक असावं, असं मला वाटतं.

३. चहाशिवायही पाहुणचार होतो.
१८३३ सालच्या एका उपदेशावरून यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. दारूचा आणि तंबाखूचा तर प्रश्नच नाही. दारात आलेल्याला चहा विचारायचा नाही म्हणजे माझे हातच बांधल्यासारखे झाले. कोकम सरबतावर भागवलं. तेही पायरीवर, कारण मुलगा ऑफिसात असेल तर ही दोघं उंबरा ओलांडत नाहीत. घरात बाई एकटी असली तर आत जायचं नाही, असा नियम आहे. मी सत्तरीची, तरी नियम तो नियम.

४. वार लावून जेवणं अजून संपलेलं नाही.
माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. इथेही तसंच. चर्चमधली कुटुंबं एका यादीवर आपापला दिवस लिहितात आणि संध्याकाळी ही जोडी जेवायला हजर. वडील सांगायचे, कुठल्या घरी आदरानं वाढतात आणि कुठल्या घरी उपकार म्हणून, हे पहिल्या घासाला कळायचं. मी टोंगावाल्याला हे विचारलं. तो नुसता हसला आणि त्यानं तिसरं थालीपीठ घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी चर्चमध्ये द्यायचे. एकादशी दुप्पट खाणाऱ्या आपल्या लोकांनी हे जरूर ऐकावं.

५. सोमवारी त्यांच्याकडे जाऊ नये.
तो तयारीचा दिवस. कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी व्हिडिओ कॉल. संध्याकाळी पुन्हा टाय. दर आठवड्याला घरच्यांशी बोलायची मुभा २०१९ च्या फेब्रुवारीत मिळाली. तोवर फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, एरवी पत्रं नाहीतर ईमेल. अठरा वर्षांच्या मुलाला आईचा आवाज वर्षातून दोनदा! श्रद्धेच्या नावाखाली असलं काही मला पटत नाही, आणि मी ते त्यांना सांगितलंही.

६. आपल्या पैशानं जावं.
पगार नाहीच. अमेरिकेतल्या मुलांच्या घरून महिन्याला पाचशे डॉलर भरावे लागतात, मग नेमणूक टोकियोत असो की जवळच्या गावात. ठिकाण मागून मिळत नाही. आयडाहोवाल्यानं लहानपणापासून सुट्ट्यांमध्ये बटाटे काढून या पैशांतले बरेचसे साठवले होते.

७. मुदतीआधी परतलेल्याला कारण विचारू नये.
मागच्या गल्लीतला एक मुलगा काही महिन्यांत घरी आला. रात्र रात्र झोप लागत नव्हती, जीव गुदमरत होता. दोन वर्षं पुरी करून येणाऱ्यासाठी विमानतळावर फुगे आणि पाट्या घेऊन अख्खं कुटुंब उभं असतं. याच्यासाठी शेजाऱ्यांनी आवाज खाली केले. चर्च अलीकडे अशा मुलांना घरी राहून करता येईल असं सेवेचं काम देतं, ते शहाणपणाचं आहे. पण गल्लीला कोण शिकवणार? त्याला मी बेसन भाजायला शिकवलं. मंद आचेवर तासभर ढवळायचं, कुणी काही विचारत नाही.

८. जोडी मोडतेच.
साधारण सहा आठवड्यांनी बदल्या निघतात. आयडाहोवाला दोन बॅगा घेऊन गेला, टोंगावाला राहिला, पुढच्या फेरीत तोही गेला. त्यांच्या जागी दोन मुली आल्या, ‘सिस्टर’ म्हणायचं. यांना माझ्या घरात यायला आडकाठी नव्हती. त्यातली एक मटार सोलता सोलता घरचं, मित्राचं, कॉलेजात काय शिकायचं त्याचं बोलली, आणि देवाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.