डोकं दुखलं तर सांग

अगं, तुझा फोन ठेवला आणि मला रात्री नीट झोप लागली नाही. काश्मीरच्या तळ्यांचा ट्रेक, सात दिवस तंबूत, साधारण ७० किलोमीटर चालणं, आणि तेही माझ्या धाकटीनं! आई काय म्हणाली असेल ते इथं जळगावात बसून ऐकू येतंय मला. "तठे कसाले जास वं पोरी?" मलाही तिनं हेच विचारलं होतं. तू जा. नक्की जा. पण त्याच ट्रेकवरच्या माझ्या पहिल्या वेळेची एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही, ती आज तुला सांगते.

"पाऊस लागला म्हणून अर्ध्यातून परत आले" असं मी सगळ्यांना सांगितलं होतं ना? पाऊस नव्हता गं. सोनमर्गहून निघालो, पहिल्या दिवशी निचनईच्या मुक्कामाला पोचलो आणि संध्याकाळपासून माझं डोकं ठणकायला लागलं. जेवण जाईना. गटाबरोबरच्या मुलानं विचारलं, "दीदी, सब ठीक?" मी म्हटलं, "हो, ठीक." आपण दोघी अशाच वाढलो ना. अंगात ताप असला तरी भाकरी थापायच्या, कुणाला कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तशीच निचनईची खिंड चढले. ती ४,००० मीटरच्या वर आहे. पलीकडे विशनसर तळ्याच्या काठावर रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि सकाळी उभी राहिले तर तोल जायला लागला.

आता नीट ऐक, कारण हे मला तिथं जाऊन कळलं. उंची जास्त बाधली तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. आणि विशनसरहून खाली यायचं तर आधी तीच खिंड पुन्हा चढावी लागते. मला घोड्यावर बसवून, दोन्ही बाजूंनी धरून आणलं. खिंडीच्या अलीकडे एक शब्द बोलले असते तर एक दिवस तिथंच थांबून शरीर सावरलं असतं, किंवा नुसतं उतरून सोनमर्गला आले असते. म्हणून सांगते, निचनईच्या मुक्कामाला स्वतःला प्रामाणिकपणे विचार. डोकं दुखतंय का? मळमळतंय का? पायऱ्या नसतानाही पायरी चुकल्यासारखं होतंय का? बसल्या जागी धाप लागत असेल किंवा तोल जात असेल, तर रात्र असली तरी सगळ्यांना उठव.

धुळं-जळगाव समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर. वाटेतली गडसरची खिंड सुमारे ४,२०० मीटर. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी. लळिंगचा किल्ला धावत चढणाऱ्या मुलीलाही तो कमीच मिळतो. तब्येत कमावलेली आहे म्हणून उंची सोडत नाही, उलट तशी माणसं भरभर चढतात आणि आधी पडतात. उंची बाधू नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, आपल्या डॉक्टरांना विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांग.

दुसरी गोष्ट पाण्याची. एसटीच्या लांबच्या प्रवासात आपण बायका पाणी पीत नाही, वाटेत जायची सोय नसते म्हणून. ही सवय डोंगरावर नेऊ नकोस. तंबूपासून लांब, अंधारात, थंडीत जायचं म्हणून मुली संध्याकाळी चारनंतर घोटभर पाणी घेत नाहीत आणि सकाळी डोकं धरून बसतात. दिवसाला तीन-चार लिटर पी. बॅटरी हातात घे, सोबतीला कुणाला तरी उठव. पाळीचंही तसंच. तारीख नसली तरी पॅड घेऊन जा, उंचीवर आणि दगदगीत ती मागेपुढे होते. वापरलेले घट्ट बंद पिशवीत घालून खाली परत आण, तिथं पुरू नकोस. आणि पोट दुखत असेल तर गाईडला सांग, तो पुरुष असला तरी. रोज असल्या गोष्टी ऐकतो तो.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेले आणि पूर्ण करून आले, हे तुला माहीत आहेच. विशनसर, किशनसर, गडसर, सतसर आणि शेवटी हरमुख शिखराच्या पायथ्याशी नुंदकोल नि गंगाबल. लोणारचं तळं उल्केनं खणलं, ही तळी बर्फानं. हिमनदी हजारो वर्षं घसरत राहिली, तिनं डोंगराच्या कुशीत खोलगट जागा कोरली, तोंडाशी दगडगोट्यांचा बांध रचला आणि मागे पाणी साठलं. नुंदकोलच्या काठी बसलीस की वर हरमुखच्या अंगावर लोंबणारी हिमनदी दिसेल. संध्याकाळी तिच्यातून कडाड असा आवाज येतो. तो ऐकायला तरी जा तू! पण फोटोसाठी बर्फावर एकटी पाऊल टाकू नकोस. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून भक्कम दिसतो, खालून पाण्यानं पोखरलेला असतो. गंगाबलमध्ये काश्मिरी पंडित अस्थी विसर्जन करतात, तेव्हा त्या पाण्यात साबण लावू नकोस.

आणि हे मला फार आवडतं बघ. इथं जळगाव स्टेशनात आपण 'झेलम एक्स्प्रेस' हे नाव लहानपणापासून ऐकतो. विशनसर-किशनसरचं पाणी किशनगंगा होऊन, गंगाबलचं पाणी सिंध नाल्यातून, शेवटी त्या झेलमलाच मिळतं. तू गाडीचं तिकीट काढशील तेव्हा आठव. कटऱ्याहून श्रीनगरला २०२५च्या जूनपासून रेल्वेही सुरू झाली आहे. निघण्याआधी वाट खुली आहे ना, परवानगी आहे ना, याची खात्री करून घे. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, मूळ ओळखपत्र लागतं. तुझं प्रीपेड सिम तिथं चालणार नाही, पोस्टपेड घे. ट्रेकवर तर रेंजच नसते. आईला आधीच सांगून ठेव की सहा-सात दिवस फोन येणार नाही, नाहीतर ती पोलिसात जाईल.

खायला माझ्याकडून केळ्याचे वेफर्स आणि भाजलेल्या बिबड्या ने. भूक मेली तरी खारट, कुरकुरीत काही तोंडात जातं. शेंगदाण्याची चटणीही दे म्हणावं आईला, मॅगीवरसुद्धा चांगली लागते. स्कूटीवर बांधतेस तो स्कार्फ विसरू नकोस. इथं तो उन्हासाठी, तिथंही उन्हासाठीच. बर्फावरून उलटणारं ऊन नाकाची साल काढतं. गॉगल चांगला घे. बूट मात्र आजच आण. न रुळलेले नवे बूट घालून गेलीस तर दुसऱ्या दिवशी फोड. शेवटच्या दिवशी नारानागला उतरताना एका दिवसात बाराशे मीटरच्या आसपास उतार आहे, तिथं बोटं बुटाच्या टोकाला आपटतात नि गुडघे बोलतात. नखं कापून जा, काठी घे.

मी शनिवारी रात्री धुळ्याला येते. रविवारी पहाटे पाचला लळिंगला निघू, ऊन चढायच्या आत खाली. पाठीवर सहा-सात किलो वजन घे, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्यास तरी चालेल. नवे बूट घाल. आणि चढताना कुठं काही दुखलं तर तिथंच बोल, मी थांबेन.