काडेपेटीएवढी खिडकी

नाशिक, रविवार

चि. मनू हिस,


ताईचा फोन आला होता. ‘सायबरपंक २०७७’ तुझ्या कॉम्प्युटरवर अडखळतो, नव्यासाठी तू पाऊण लाख मागितलेस आणि दाजी नाही म्हणाले तेव्हापासून घरात अबोला आहे, असं कळलं. दाजींशी मी बोलणार नाही. त्या डब्याशी मात्र बोलू शकतो, कारण २०१७ साली तो मीच जोडून दिला होता. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि साधी हार्ड डिस्क.

‘डूम’ १९९३ च्या डिसेंबरात आला, तेव्हा मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. क्लासचं यंत्र ३८६. खेळ सुरू व्हायचा, पण राक्षस समोर येऊन मला मारून जायचा तेव्हा कुठे चित्र हलायचं. मग कळलं, उणे चिन्हाची कळ दाबली की खेळाची चौकट लहान होते. मी ती दाबत दाबत पार काडेपेटीएवढी केली. डोळे बारीक करून खेळलो, पण खेळलो. गणित आजही तेच आहे. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १२८० बाय ७२० केलंस तर ९ लाख २१ हजार ६००. कार्डाचं काम निम्म्याहून खाली येतं.

पण आधी दुखणं कुठे आहे ते बघ. खेळातल्या गर्दीच्या बाजारात उभी राहा, सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहून ठेव. मग रिझोल्यूशन उतरव आणि त्याच जागी पुन्हा बघ. आकडा चढला तर कार्ड थकलंय. ढिम्म हलला नाही, तर प्रोसेसर. पोळ्या लाटणारी एकटीच असेल तर तवे वाढवून काय होणार? अशा वेळी त्या खेळात रस्त्यावरची गर्दी कमी करायची सोय आहे, ती वापर. चार कोअरच्या बिचाऱ्याला तेवढंच हायसं वाटेल.

कार्ड थकलं असेल तर सावल्या, धुकं आणि प्रतिबिंबं उतरव. तिन्ही अतिशय खादाड. टेक्स्चरला मात्र लगेच हात लावू नकोस. कार्डाची ४ जीबी मेमरी पुरतेय तोवर त्यांचा वेगावर फारसा भार नसतो, आणि ती उतरवली की भिंती चिखलाने सारवल्यासारख्या दिसतात. एफएसआर चालू कर. एएमडीने २०२१ मध्ये आणलेली ही युक्ती: चित्र लहान काढायचं आणि मग हुशारीने मोठं करायचं. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स कार्डच लागतं. एएमडीवाल्यांची ही सोय मात्र प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डावरही चालते.

आणि तो ६० फ्रेमचा हट्ट सोड. घटकेत ४५, घटकेत २२ असं झालं की डोकं दुखतं. ३० वर कुलूप लाव. प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात, हालचाल एकसारखी राहते. चार दिवसांत डोळा रुळतो.

आता खर्चाचं. दाजींकडे मागायचंच तर दोन गोष्टी माग. एक एसएसडी, आणि शेजारच्या खाचेत बसेल अशी ८ जीबीची आणखी एक पट्टी. याच खेळाला २०२० मध्ये ८ जीबी आणि हार्ड डिस्क चालत होती. २०२३ मध्ये कंपनीने किमान गरज वाढवून १२ जीबी आणि एसएसडी केली. कार्डही त्यांच्या यादीतलं तुझ्यापेक्षा वरचं, १०६० आहे. म्हणजे फार सुंदर दिसेल अशी आशा ठेवू नकोस.

मोठं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून लॅमिंग्टन रोडवरून उचलून आणू नकोस. तुझं सध्याचं कार्ड मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेतं. मोठ्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि तुझा एसएमपीएस तेव्हा मी पैसे वाचवायला साधाच घेतला होता. क्लासमध्ये एकदा असाच हलका एसएमपीएस माझ्या हट्टापायी जळला. तो वास अजून नाकात आहे.

काही खेळांपुढे मात्र युक्ती चालत नाही. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या ‘इंडियाना जोन्स’ला रे ट्रेसिंग जाणणारं कार्डच हवं. तुझ्या कार्डात ते अंगच नाही, मग सावल्या काढून काय होणार! विकत घेण्याआधी गरजांची यादी वाच. स्टीमवर घेतलंस तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळली असशील तर पैसे परत मागता येतात. पहिले दोन तास नुसती केशभूषा निवडण्यात घालवू नकोस. ‘जुन्या पीसीसाठी खास’ म्हणून फुकट मिळणाऱ्या क्रॅक फायलींपासून लांब राहा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि तुझा प्रोसेसर ११ च्या अधिकृत यादीत नाही. त्याच यंत्रावर ताई बँकेचे व्यवहार करते.

मधल्या काळात ‘हेडीस’ खेळ, नाहीतर पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला ‘राजी’. दोन्ही २०२० चे. ‘राजी’तली मुलगी भावाला शोधायला निघते, तुझा भाऊ चार्जर पळवतो त्यापेक्षा बरं कथानक आहे.

हे सगळं करण्याआधी एक काम. वायर काढ, कॅबिनेटचं झाकण उघड आणि मऊ ब्रशने धूळ झाड. पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, गरगरू देऊ नकोस. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. आठ-नऊ वर्षांत प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल. तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. पेस्टला हात लावू नकोस. दिवाळीत येतो तेव्हा ट्यूब घेऊन येईन, दोघं मिळून लावू. तोवर झाकण परत लावून ठेव. मागच्या वेळी आत मांजर झोपलं होतं.

तुझा,
मामा