न झालेल्या प्रवासाविषयी भाचीस पत्र

नगर

चि. बाळ हीस,



तुझे पत्र पोहोचले. लेहचा प्रवास तहकूब करावा लागला, आईच्या शस्त्रक्रियेपायी साठवलेली सारी रजा खर्ची पडली, आणि जिच्यासाठी तू इतकी काटकसर केलीस ती मोटारसायकल आता तळमजल्यावर आच्छादनाखाली उभी आहे, हा मजकूर वाचून वाईट वाटले. पण त्याहून अधिक वाईट वाटले ते पत्राच्या अखेरच्या चार ओळींनी. मंडळीतील कोणा वडीलधाऱ्या गृहस्थांनी तुला सांगितले की असली हौस मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणूनच प्रभूने हा रस्ता बंद केला, आणि तूही ते अर्धेअधिक खरे मानून बसली आहेस. मुख्यतः त्या चार ओळींसाठीच मी हे लिहिते आहे, आणि पत्र लांबले तर लांबू दे.

घरच्यांची काळजी, समाजाची भीती, आजारपणाने आलेली अडचण आणि परमेश्वराची इच्छा या एकमेकींपासून अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील पहिल्या तिन्हींना चौथीचे नाव देऊन मोकळे होण्याची जी सवय आपल्या धार्मिक बोलण्यात शिरली आहे, तिच्यासारखी ईश्वराच्या नावाची हेळसांड दुसरी नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. तुझी आई आजारी पडली आणि तू तिच्या उशाशी राहिलीस, हे तू तिच्या प्रेमापोटी केलेस. त्यात तुझ्या इच्छेचा न्यायनिवाडा कोठेही झालेला नाही. आणि शोभण्याचीच गोष्ट काढायची, तर पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या लोकांनी पुन्हा एकदा वाचावे. १८७४ च्या दुष्काळात मातापिता गमावल्यावर ती तरुण मुलगी भावासह शेकडो कोस पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, पुढे १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेली. आणि जिने अवघा देश पायांखाली घातला तिच्याच हातून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. मोटारसायकलीचाच दाखला हवा असेल तर १९३४ च्या डिसेंबरात टेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज स्त्रिया साइडकार लावलेल्या ६०० सीसीच्या पँथर गाडीवर लंडनहून निघाल्या, होकायंत्रावाचून सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैअखेर केपटाऊनला पोहोचल्या. हे मी वादासाठी सांगत नाही. तुझ्या इच्छेला पूर्वज आहेत, एवढे तुला ठाऊक असावे.

आता शास्त्राविषयी. पवित्र शास्त्रात अडलेल्या रस्त्यांची उदाहरणे पुष्कळ आहेत, पण ती सारी एकाच मासल्याची नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आशिया प्रांतात वचन सांगू पाहतो तेव्हा पवित्र आत्मा त्याला मना करतो, बिथुनियाकडे वळू पाहतो तेव्हा पुन्हा मनाई होते, आणि त्रोवसला रात्री मासेदोनियाचा मनुष्य दृष्टान्तात दिसतो तेव्हा कोठे पुढची वाट उघडते. एक दार मिटले ते दुसरे उघडण्यासाठी, असा हा दाखला आपले उपदेशक वारंवार देतात, आणि तो खराही आहे. परंतु त्याच पौलाने रोमकरांस लिहिताना स्पेनला जाण्याचा बेत एकाच अध्यायात दोनदा बोलून दाखवला आहे, आणि तो तेथे पोहोचला किंवा नाही याविषयी शास्त्र एक अक्षरही सांगत नाही. रोमला तो गेला तो बंदिवान म्हणून. स्पेनऐवजी त्याला अमुक लाभले, असे सांगून त्या बेताची भरपाई करून देण्याची घाई शास्त्राला झालेली नाही, आणि ती आपणही करू नये.

मला स्वतःला सर्वांत अधिक आधार दिला तो दावीद राजाने. मंदिर बांधण्याची त्याची इच्छा होती. ते तुझ्या हातून होणार नाही, तुझ्या पुत्राच्या हातून होईल, असे त्याला स्पष्ट कळवण्यात आले. पुढे मंदिराच्या प्रतिष्ठेच्या दिवशी शलमोन सर्व लोकांसमोर जे सांगतो ते पहिल्या राजांच्या आठव्या अध्यायात तू स्वतः उघडून वाच: परमेश्वराने आपल्या पित्याला बांधकामाची आज्ञा दिली नाही, परंतु ती इच्छा मनात धरल्याबद्दल त्याला बरे म्हटले. परवानगी मिळाली नाही आणि इच्छेला दोषही लागला नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कळावयास मला आयुष्याची बरीच वर्षे लागली. आणि ज्याला नकार मिळाला तो दावीद रुसून बसला नाही. त्याने गंधसरूचे लाकूड, लोखंड, पितळ, सोने यांचा साठा करून ठेवला, आराखडे पुत्राच्या हवाली केले, आणि मग डोळे मिटले.

माझी हकिकत तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, ती आज सलग सांगते. तुझ्या आतोबांनी येथील लष्करी लिलावात एक जुनी बुलेट घेतली तेव्हा आमच्या लग्नाला फार काळ झाला नव्हता. त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात; डिकंप्रेसर दाबून, ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक अलगद खाली न्यायची, मग ती वर घेऊन सगळ्या अंगाचे वजन घालायचे, आणि यात जरा हयगय झाली तर किक उलटून पायाला असा तडाखा देत असे की दोन दिवस चालणे मुश्कील. त्यांनी मला शिकवले ते हौस म्हणून नव्हे. शाळेनंतर खेड्यांतील मंडळ्यांत प्रौढ स्त्रियांचे साक्षरतेचे वर्ग मी घेत असे, एसटीच्या वेळा त्यास जुळत नसत, आणि त्यांना प्रत्येक वेळी सोबत येणे शक्य नव्हते. साडीऐवजी सलवार-कमीज घालून राहुरीच्या रस्त्याने मी एकटी जाऊ लागले, तेव्हा प्रथम लोक थांबून पाहत, पुढे पाहीनासे झाले. निघण्यापूर्वी आम्ही दोघे एकशे एकविसावे स्तोत्र वाचीत असू. तो आमच्या घरचा शिरस्ता तू लहानपणी पाहिला आहेस.

लेहची ओढ मला लागली ती मात्र डोंगरांच्या चित्रांमुळे नव्हे. एका जुन्या ग्रंथसंग्रहात मला मोरावियन मिशनऱ्यांची हकिकत वाचावयास मिळाली, आणि ती माझ्या मनातून पुन्हा कधी गेली नाही. ऑगस्ट विल्हेल्म हाइडे आणि एडुआर्ड पागेल हे दोन तरुण १८५३ साली जर्मनीतून निघाले ते मंगोलियाला जाण्यासाठी. रशियाच्या हद्दीतून जाण्याची मोकळीक मिळेना म्हणून ते हिंदुस्थानमार्गे आले. तिबेटातून पुढे जावे तर तेथेही प्रवेश मिळेना. अखेर १८५६ च्या सुमारास लाहूलमध्ये भागा नदीच्या काठी केलाँग येथे त्यांनी बिऱ्हाड केले. पागेल पुढे सतलजच्या खोऱ्यात पू नावाच्या गावी गेला आणि १८८३ मध्ये तेथेच वारला. हाइडे जवळजवळ पन्नास वर्षे हिमालयात राहिला. ज्याला तिने कधी पाहिलेही नव्हते अशा त्या मनुष्याशी विवाह करण्यासाठी मारिया युरोपातून तेथवर आली, आणि तिने लाहूलच्या बायकांना मोजे विणावयास शिकवले. ते विणकाम आजही त्या खोऱ्यात चालू आहे. ख्रिस्ती झालेली माणसे फारच थोडी. मंगोलिया त्यांनी कधीही पाहिला नाही.

त्याच केलाँगला १८५७ साली त्यांचा सहकारी मिशनरी येश्के आला आणि तिबेटी भाषेच्या अभ्यासात त्याने स्वतःला गाडून घेतले. १८८१ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. परंतु ज्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी त्याने देह झिजवला तो छापून पुरा झाला १८८५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. राहिलेल्या जुन्या कराराचे ओझे लडाखी ख्रिस्ती पंडित योसेब गेर्गन याने उचलले; तोही १९४६ साली वारला, आणि संपूर्ण तिबेटी बायबल लाहोरला छापून निघाले ते १९४८ मध्ये. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांचे 'ख्रिस्तायन' काव्य असेच अपुरे राहिले आणि १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, हे तुला माहीत आहेच. पण लक्ष्मीबाईंच्या हाती निदान नवऱ्याची लेखणी व घरचा संस्कार होता. गेर्गनने ज्यांचे काम पुढे नेले ते परक्या देशातले, परक्या भाषेचे लोक होते, हे मनात आणले म्हणजे मला आजही भरून येते.

केलाँग हे गाव मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. रोहतांग ओलांडावी, केलाँगला मुक्काम करावा, पुढे बारालाचा आणि टांगलांग या खिंडींतून लेहला जावे, आणि रविवारी तेथील मोरावियन मंदिरात उपासनेस बसावे, एवढाच माझा बेत होता. १९८९ मध्ये तो रस्ता सामान्य प्रवाशांना खुला झाला, तेव्हा आम्ही दोघांनी नकाशा आणून भिंतीवर लावला. त्यानंतर लवकरच तुझ्या आतोबांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची वर्षे त्यांच्या शुश्रूषेत गेली. ते गेल्यावर सासूबाई होत्या. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, आणि डॉक्टरांनी गाडी चालवण्यास कायमची मनाई केली. मी ती विकली.

या सर्वांत प्रभूचा काही गूढ हेतू होता काय, असे मला लोक विचारतात. मी उत्तर देत नाही, कारण तो हेतू मला दाखवण्यात आलेला नाही. आतोबांची सेवा माझ्या हातून घडली याचे मला समाधान आहे, आणि केलाँग पाहिले नाही याचे दुःखही आहे. एकाने दुसरे फिटले असे मी आजवर म्हटले नाही, आणि प्रार्थनेत तसे म्हणण्याची गरज मला कधी भासली नाही. तूही आईजवळ बसताना मनातले दुःख लपवून उसने समाधान चेहऱ्यावर आणू नकोस. देवापुढे खरे दुःख मांडणे ही अश्रद्धा नव्हे. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग त्यानेच भरलेला आहे. पण ते दुःख आईच्या कानी तगाद्यासारखे पडू देऊ नकोस, कारण आपल्या आजारपणाने लेकीचे काय हुकले हे ती स्वतःच रात्रंदिवस मोजत असणार.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगते. 'आत्या, निदान तुझ्यासाठी तरी मी एकदा जाऊन येईन' असे तू लिहिले आहेस. बाळ, माझ्यासाठी जाऊ नकोस. माझे अपुरे राहिलेले स्वप्न तुझ्या गाडीच्या कॅरिअरवर बांधून पाठवावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. गेर्गनने येश्केचे काम पुरे केले ते कोणाचे ऋण फेडण्यासाठी नव्हे, तर आपल्या लोकांना आपल्या भाषेत शास्त्र मिळावे या त्याच्या स्वतःच्या तळमळीने. तुला त्या रस्त्याची स्वतःची ओढ असेल तर जा, आणि पुढे तुला दुसराच एखादा रस्ता खुणावू लागला तर तिकडे जा, मला तितकाच आनंद होईल. मजजवळ नकाशे आहेत, मिशनऱ्यांच्या हकिकतींची टिपणे आहेत, ती तुझीच आहेत. त्यांचा उपयोग करणे न करणे तुझ्या मर्जीवर.

तोवर गाडी उभी ठेवू नकोस. आईला फिरावयाची मोकळीक मिळाली की रविवारच्या उपासनेनंतर जवळपासच्या वाटा पालथ्या घाल. दौंडच्या बाजूने केडगावला जाऊन ये, पावसाळा ओसरल्यावर माळशेज घाट चढून-उतरून पाहा. चेनचा ताण आणि तेल स्वतः पाहावयास शीक, टायरमधून ट्यूब काढून पंक्चर स्वतः जोडावयास शीक, क्लच केबल बदलण्याचा सराव घरीच कर. मिस्त्री करतो ते बाजूला उभे राहून पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. आणि पुढेमागे त्या रस्त्याला लागलीसच तर रोहतांगखालचा जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा २०२० पासून खुला आहे, त्यामुळे वाट सोपी झाली असली तरी शरीराला उंचीची सवय होण्याचा अवधीही तेवढाच कमी झाला आहे, हे विसरू नकोस; केलाँगला दोन रात्री काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. चंद्रा आणि भागा यांच्या संगमावर तांडी गाव आहे, तेथला पेट्रोलपंप म्हणजे पुढे लांबवरचा शेवटचा आधार असे पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी मानत आले आहेत. नवे पंप झाले असल्याचे कोणी सांगितले तरी टाकी तेथे भरावी आणि वर एक डबाही बरोबर घ्यावा. दुपारी बर्फ वितळून ओढ्यांना पाणी चढते, म्हणून ओढे सकाळीच ओलांडावेत.

आईचे टाके कधी काढणार ते कळव, आणि तिला माझा सलाम सांग. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांशी वाद घालू नकोस. ते भेटले तर आदराने बोल, आणि पहिल्या राजांचा आठवा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचण्याची विनंती कर. नाताळाला इकडे येशील तेव्हा गाडीवरूनच ये. पुण्याहून शिरूरमार्गे नगरपर्यंत मालमोटारींची वर्दळ फार असते, तेव्हा पहाटे न निघता चांगले उजाडल्यावर नीघ, आणि शिरूरला पोहोचल्यावर मला फोन कर.

तुझी,
आत्या