दमा असलेल्या मुलाचं केळं-दही बंद करावं का?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तळोजा फेज २ मध्ये राहायला आल्यावर त्याला दमा असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी पंप दिला आहे. घरातल्या मोठ्यांच्या सांगण्यावरून केळं, दही, दूध, पेरू, संत्रं, सगळं बंद केलं. खोकला आहेच, आणि आता वजनही वाढत नाही. आहारात नेमकं काय पाळायचं?
— एक आई, तळोजा

उत्तर : यादीतला एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल, तर तेवढाच बाजूला ठेवा. बाकी सगळं पुन्हा सुरू करा.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात आणि आकसतात. केळ्याने किंवा दह्याने बहुतेक मुलांत असं काही होत नाही. दुधाने कफ होतो, हा समज घरोघरी आहे. दूध लाळेत मिसळल्यावर घशाशी थोडा वेळ चिकट वाटतं, एवढंच. छातीत जादा कफ त्याने तयार होत नाही. उलट दूध, दही, फळं एकदम तोडली की वाढीच्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं. वजनाचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

तरीही अन्नाचा दम्याशी दोन तऱ्हांनी संबंध येतो. पहिली, खरी अ‍ॅलर्जी. दूध, अंडं, शेंगदाणे, मासे, कोळंबी यांपैकी काही खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते, छातीत घरघर सुरू होते. आपल्या भागात कोळंबी, सुकट, जवळा नेहमीचे. कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना ती शिजतानाची वाफसुद्धा बाधते. घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं मिळतंजुळतं प्रथिन असतं. त्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना कोळंबी सोसत नाही.

दुसरी तऱ्हा रोजच्या खाण्याची. 'आयझॅक' या जागतिक पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत तीव्र दम्याचं प्रमाण जास्त आढळलं, तर तितक्या वेळा फळं खाणाऱ्यांत कमी. यावरून फास्ट फूडनेच दमा होतो असं सिद्ध होत नाही, पण पेरू-संत्रं काढून घेण्याला आधार नाही हे नक्की.

आता एक वही करा. नोंद अशी असावी : 'मंगळवार. संध्याकाळी ६, केळं. रात्री ११, एमआयडीसीकडून उग्र वास, खिडकी उघडी. १२ वाजता खोकला.' इथे केळ्याला दोष देण्याआधी खिडकीकडे पाहायला हवं. कारखान्यांचा धूर, रसायनांचे वास, उदबत्ती, मच्छर कॉइल यांनी सुजलेली श्वासनलिका आणखी चिडते. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. एखाद्या पदार्थाचा संशय पक्का वाटला, तर ते त्वचेची किंवा रक्तातली आयजीई चाचणी सांगतील. शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी चाचणीवर पैसे घालवू नका. तिच्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. वासाच्या तारखा-वेळा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करतानाही उपयोगी पडतील.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन तास आधी द्या, म्हणजे आंबट पाणी घशाशी येऊन खोकला उठणार नाही. कोजागिरीची औषधी खीर असो की मृगातला हैदराबादचा मासा, त्याच्या भरवशावर पंप थांबवू नका. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, मुलाला एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर डॉक्टरांनी सांगितलेला आराम देणारा पंप द्या, १०८ ला फोन करा आणि लगेच रुग्णालय गाठा.