आधी डाग ओळख

खडकी, पुणे

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

पुंगळ्यांचे फोटो मिळाले. तुझी मामी म्हणाली, एवढी पितळ घासायची हौस होती तर दिवाळीला इकडे यायचं होतंस, देवघरातल्या समया कधीच्या वाट बघताहेत. टोमणा पोचवला, आता कामाचं बोलू.

झाडलेल्या पुंगळ्या धुऊन पुन्हा काडतुसं भरायचा तुझा छंद मी काही केलेला नाही, पण ॲम्युनिशन फॅक्टरीत उभा जन्म गेल्यामुळे या पितळेच्या खोडी मला ठाऊक आहेत. डाग जात नाहीत तर लिंबूसत्त्व किती वाढवू, असं तू विचारतोस. अजिबात वाढवू नकोस. आधी डाग कसला आहे ते ओळख. काही डाग धुऊन जातात, काही राहिले तरी बिघडत नाही आणि काही दिसले की पुंगळी फेकायची असते.

पहिल्या फोटोतल्या पुंगळ्या गुलाबी पडल्या आहेत. काडतुसाच्या पितळेत 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. आम्ल जास्त झालं किंवा पुंगळ्या धुवायचा ड्रम फार वेळ फिरला, की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. चिंच लावून ठेवलेला पितळेचा तांब्या धुवायचा राहिला की असाच लालसर होतो. दुसरं कारण लोखंडाचं. आमच्याकडे ॲनीलिंगनंतर, म्हणजे तापवून मऊ केल्यावर, पुंगळ्या सौम्य गंधकाम्लात बुडवत. त्या टाकीत लोखंडी चिमटा पडला, तर आम्लात उतरलेलं तांबं पितळेवर जाऊन बसायचं आणि अख्खा घाणा लाल निघायचा. तुझ्या ड्रममधल्या स्टेनलेसच्या पिनांचा त्यात दोष नाही, पण रेंजवरून वेचलेल्या ढिगात स्टीलच्या पुंगळ्या हमखास असतात. ड्रम भरण्याआधी ढिगावरून लोहचुंबक फिरव. हा गुलाबीपणा वरवरचा असतो, त्याने पुंगळीची ताकद जात नाही. ताजं पाणी घे, त्यात भांड्यांचा लिक्विड साबण आणि गॅलनला चहाचा पाव चमचा लिंबूसत्त्व टाक. तासाभराने बघ.

दुसऱ्या फोटोतल्या करड्या-काळ्या पुंगळ्यांची गोष्ट वेगळी. दारूची काजळी पाण्यात उतरते आणि साबण संपला की तीच परत पितळेवर बसते. मशीन थांबल्यावर माल रात्रभर त्याच पाण्यात राहू दिलास तर हमखास असं होणार. थांबलं की लगेच उपस आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळून धू. ड्रमचं रबर नवं असेल तर तेही काळं सोडतं. नुसत्या साबणाच्या पाण्याने तो एकदा रिकामा फिरवून घे.

तिसऱ्या फोटोतले पांढुरके ठिपके तुमच्या सॅन अँटोनियोच्या पाण्याचे आहेत. चुनखडीतून येणारं पाणी ते, जडच असणार. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा दे आणि लगेच जुन्या टॉवेलमध्ये घोळवून टिपून काढ. बुडातला झाडलेला प्रायमर धुण्याआधी काढत जा, नाहीतर त्याच्या खळग्यात पाणी अडकून बसतं. वाळवताना उष्णता 100 अंश सेल्सियसच्या आत ठेव. 250 अंशांच्या पुढे पितळ मऊ पडू लागतं, आणि पुंगळीचं बूड मऊ पडलं तर बार उडताना ते दाब पेलणार नाही.

रायफलच्या काही पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते. तो डाग नव्हे. मान मऊ राहावी म्हणून कारखान्यात ती तापवतात, त्याची ती खूण. लष्करी मालावर ती मुद्दाम राहू देतात, बाजारच्या मालावरची पॉलिश करून घालवतात. ती घासत बसू नकोस.

आता फेकायच्या पुंगळ्या. हिरव्या गंजाखाली नखाला खड्डा लागला, मानेवर बारीक चीर दिसली किंवा बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलं, तर ती पुंगळी बाद. ते कडं म्हणजे आतून भिंत पातळ झाल्याची खूण. तारेचं टोक वाकवून आत फिरव, खाच लागली की समजायचं, पुढच्या बाराला इथेच तुटणार. अशी पुंगळी धुऊन लखलखीत झाली की उलट फसवते, म्हणून हे कडं धुण्याआधीही बघ आणि नंतरही.

आणि अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळ्यांना लावू नकोस. इंग्रजी फौजेची काडतुसं इथे हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली असायची; उघडीप पडून बाहेर काढावीत तर पुंगळ्यांना तडे. ऋतूला दोष देऊन लोक त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना आत राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून धातू फोडला होता. मग पुंगळ्या हलक्या आचेवर तापवून तो ताण घालवायची रीत पडली. बरण्यांतून मिळणाऱ्या चकाकीच्या पॉलिशमध्ये हाच अमोनिया असू शकतो. लेबल वाचल्याशिवाय बरणी उघडू नकोस.

एक घरातली गोष्ट. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नकोस, घरच्या ओव्हनमध्ये पुंगळ्या वाळवू नकोस, हातमोजे घाल आणि काम झालं की हात साबणाने धुऊन मगच लेकीला उचल.

पितळ स्वच्छ, कोरडं आणि धड असलं की पुरे. झळाळी नसली तरी नेम चुकत नाही. ज्या पुंगळीबद्दल मनात शंका येईल ती पक्कडीने चेपून भंगारात टाक, तिथे काटकसर करू नकोस.

तुझा,
मामा