ट्रॉम्बोनचे वय कसे ओळखावे?

प्रश्न : आजोबा पोलीस बँडात ट्रॉम्बोन वाजवत. कर्ण्यावर ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’ असे कोरले आहे. पेटी लाकडी, काळी, खूप जुनी दिसते. वाद्य १९२० च्या सुमाराचे असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : १९२० चे तर नक्कीच नाही. बूझी आणि हॉक्स या लंडनच्या दोन स्वतंत्र कंपन्या. त्या एकत्र आल्या १९३० साली, तेव्हा हे जोडनाव असलेले वाद्य त्यानंतरचेच.

पेटीवर फार विसंबू नका. विकताना वाद्याबरोबर हाताला लागेल ती पेटी देतात. तरी बिजागरीचे स्क्रू पाहा. डोक्यावर फुलीसारखी खाच असेल, तर पेटी किंवा निदान तिची दुरुस्ती १९३० च्या दशकाच्या मध्याआधीची नव्हे. सरळ खाचेवरून काहीच ठरत नाही.

पॅरिसच्या कुर्त्वासारख्या कारखान्यांच्या वाद्यांवर प्रदर्शनांतली पदके सालांसह कोरलेली असतात. लोक त्यातले पहिले साल वाद्याचे समजून भाव चढवतात. पाहायचे असते शेवटचे. वाद्य त्याआधीचे असूच शकत नाही.

तुमच्या वाद्यावर अनुक्रमांक शोधा. टॉर्च तिरकी धरली की पुसट अंक उठून दिसतात. त्याआधी ब्रासो घासू नका, कोरीवकाम झिजते. बूझी अँड हॉक्सची जुनी दप्तरे लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. क्रमांक आणि कर्ण्याचा स्पष्ट फोटो तिथे पाठवा.